मोडेम आणि आपल्या टेलिफोनचा सूर



एकेकाळी लॅपटॉपच्या कडेला टेलिफोनची तार जोडण्यासाठी एक लहानसे चौकोनी भोक असे. त्याच्या आत मोडेम बसविलेला असे. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसारख्या शहरांत सामान्य ग्राहकाला इंटरनेट खुले केले, आणि आपण विक्रोळीकर त्या जगात शिरलो ते टेलिफोनच्या तारेवरूनच.

मोडेमचे काम दुभाष्याचे. टेलिफोनची तार माणसाच्या बोलण्यासाठी, म्हणजे सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झच्या ध्वनीसाठी योजलेली. संगणकाला तर शून्य आणि एक एवढेच ठाऊक. मोडेम त्या आकड्यांचे ध्वनी करी आणि आलेल्या ध्वनीचे पुन्हा आकडे. आरंभी जी कर्कश किंकाळी ऐकू येई, तीत दोन मोडेम तार पारखून वेग ठरवीत. १९९८ च्या व्ही.९० पद्धतीत हा वेग सेकंदाला ५६ हजार बिटांपर्यंत जाई; तार खराब असली की दोघे कमी वेगावर राजी होत.

आता खरी अडचण पाहा. परदेशातून आणलेला लॅपटॉप कन्नमवारनगरातल्या खोलीत जोडावा, तर तो म्हणे, ‘डायल टोन नाही’. रिसीव्हर कानाला लावला तर सूर स्वच्छ ऐकू येई! कारण असे की अमेरिकेतला सूर ३५० आणि ४४० हर्ट्झ मिळून झालेला, तर आपला २५ हर्ट्झच्या कंपनाने हेलकावणारा ४०० हर्ट्झचा. यंत्र आपल्या ओळखीचाच सूर शोधत बसे. उपाय बिनखर्चाचा होता. देशांच्या यादीत भारत निवडावा. तेवढ्याने न भागल्यास ‘डायल टोनची वाट पाहा’ या सूचनेपुढील खूण काढून टाकावी. हे ठाऊक नसलेला गृहस्थ मात्र चांगला मोडेम बिघडला समजून दुकानाची पायरी चढे.

आज ती तार मागे पडली आहे. पण आता यंत्रे आपले बोलणेही ऐकू लागली आहेत. त्यांना आपल्या आजीची मराठी उमगली नाही, तर तिला उच्चार बदलायला सांगण्याची घाई आपण करू नये. आधी यंत्राला कोणता सूर शिकविला आहे, याची चौकशी करावी.