हा चेहरा नेमका कोणाचा?

(नागपूर येथील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



८ मार्चच्या पोस्टरसाठी आम्ही झाशीच्या राणीचं चित्र शोधत होतो. एकीने दागिन्यांनी मढलेल्या एका स्त्रीचा फोटो आणला. तो १८५० साली कलकत्त्याच्या हॉफमनने काढला, असं सांगितलं जातं. आम्ही सगळ्या खूश झालो. तेवढ्यात एका ज्येष्ठ कार्यकर्तीने विचारलं, "हे कोणी सांगितलं?" कोणालाच उत्तर देता येईना.

शोध घेतला, तेव्हा अडचणी दिसल्या. कलकत्त्याचा जॉन्स्टन अँड हॉफमन हा स्टुडिओ १८८०च्या दशकातला. राणी तर जून १८५८ मध्येच ग्वाल्हेरला धारातीर्थी पडली. जॉन लँग नावाच्या वकिलाने १८५४ मध्ये पडदा सरकला तेव्हा तिला क्षणभर पाहिलं. साधं पांढरं मलमल आणि कानात सोनं, असं तो लिहितो. पण तेवढ्यावरून फोटो खोटा ठरत नाही. तेव्हा ती विधवा होती, १८५० मध्ये सवाष्ण.

कागद, रंग, पोशाख हे तज्ज्ञ तपासतातच. त्याबरोबर हे चित्र कोणाच्या हातून कोणाकडे आलं, हेही विचारावं लागतं. कारण खालचं नाव पुष्कळदा मागाहून लिहिलेलं असतं. शिवाजी महाराजांचं म्हणून इब्राहिमखान नावाच्या सरदाराचं चित्र कितीतरी वर्षं छापलं जात होतं. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली महाराजांचं अस्सल चित्र पुढे आणलं, तेव्हा ही चूक उमगली.

राजाराण्यांसाठी शोध घेणारे आहेत. आपल्या बायांचं काय? २० जुलै १९४२ला याच नागपुरात दलित महिलांची परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. आंबेडकरी चळवळीतल्या अशा स्त्रियांना शोधून, त्यांच्याशी बोलून मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) लिहिलं. ते झालं नसतं, तर कितीतरी नावं गेलीच असती. वस्तीत काम करताना मला घरोघरी जुने फोटो दिसतात. पुढे खुर्चीवरच्या पुढाऱ्यांची नावं असतात, मागे उभ्या बाया 'व इतर महिला'.

त्या पोस्टरवर आम्ही शेवटी रेखाचित्र टाकलं आणि खाली स्पष्ट लिहिलं, 'काल्पनिक चित्र'. तुम्हाला एकच विनंती. घरी गेल्यावर आजीला, मावशीला जुना फोटो दाखवा. कोण, कुठे, कधी ते विचारा. मागे पेन्सिलीने हलकेच लिहा आणि हे कोणी सांगितलं, तेही लिहा. सांगणारी आज आहे, तोवर हे काम करून घेऊ.