कॅडेट कोणासाठी?

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित भाग)



नगरकरांना लष्कराचं अप्रूप नाही. रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र इथं, यांत्रिकी पायदळाचं इथं, लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीईही इथंच. राहुरी-पारनेरची गावं के. के. रेंज या लष्करी सरावक्षेत्राच्या विस्ताराला विरोध करतात आणि त्याच गावांतली पोरं पहाटे भरतीसाठी धावतात. यात मला विसंगती दिसत नाही. जमीन गेली तर कसायचं काय? आणि राहिली तरी पाऊस कुठंय?

त्यामुळं हायस्कूलच्या एनसीसीबद्दल पालकांचा प्रश्न एकच असतो, "भरतीला उपयोग होतो का?" खरं सांगायचं तर भरतीत वजन 'सी' प्रमाणपत्राला जास्त, आणि ते मिळतं कॉलेजात. शाळेतली दोन वर्षं 'ए'ची. शिवाय केवळ कॅडेट आहे म्हणून कुणावर लष्करी सेवेचं बंधन येत नाही, हे 1948च्या कायद्यातच आहे. चीन युद्धानंतर 1963मध्ये कॉलेजांत एनसीसी सक्तीची केली, 1968मध्ये सक्ती उठवली. सक्तीची परेड हजेरीपुरतीच उरते.

मग चौदा वर्षांच्या मुलाला मिळतं काय? नकाशावाचनाचा तास बघा. जमिनीवर नकाशा पसरलेला, कंपास ठेवून तो उत्तरेला जुळवलेला. समोच्च रेषा एकमेकींना खेटल्या की चढ उभा, हे मुलगा बोटानं ओळखतो. मग मान वर करून समोरचा डोंगर बघतो आणि ओढा कुठून येत असेल ते सांगतो. भूगोलाच्या पुस्तकानं हे त्याला दाखवलेलं नसतं. वर्गात पुटपुटणारी मुलगी मैदानावर "दाहिने मुड" असं खणखणीत म्हणते, तेही मी याच खात्यात धरतो.

हे सगळं उभं असतं एका शिक्षकावर, म्हणजे असोसिएट एनसीसी ऑफिसरवर (ए.एन.ओ.). कामठीच्या एनसीसी अकादमीत प्रशिक्षण घेतलेला हा गणिताचा नाहीतर पी.टी.चा मास्तर. तो निवृत्त झाला आणि दुसरा तयार नसला, की गणवेश कपाटात जातात.

आता एनसीसीच्या विस्ताराचं. 2020मध्ये सीमेवरच्या आणि किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांसाठी एक लाख कॅडेट जाहीर झाले. नगरला ना सीमा, ना समुद्र! स्वयंअर्थसहाय्यित योजना आहे, पण तिचा खर्च शाळेनं सोसायचा. फी घेणाऱ्या शाळेला तो झेपतो, अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या अनुदानित शाळेला नाही. प्रवरानगरच्या शाळेला 2022मध्ये भागीदारीतल्या सैनिकी शाळेची मान्यता मिळाली, चांगलं झालं; पण ती परीक्षेतून निवडलेल्या मोजक्यांची वाट. गावच्या शाळेतल्या बाकीच्यांचं काय?

जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या आधारानं वाढलेल्या शिक्षणसंस्था आहेत. त्यांनी आपल्या शाळेबरोबर डोंगरातल्या एका शाळेचा खर्च उचलावा. संस्थाचालक इथं पुढच्याच रांगेत बसले आहेत. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी एनसीसी बटालियनकडे अर्ज करा, आणि कामठीला जायला तयार असलेल्या शिक्षकाचं नाव त्यासोबत द्या.