सदाफुलीची परीक्षा



मराठी कुटुंबे देशाच्या ज्या ज्या प्रांतांत स्थिरावली, तेथे त्यांच्या अंगणात तुळशीच्या सोबतीने सदाफुलीही फुलली. हिंदी भाषक शेजारी तिला सदाबहार म्हणतात, बंगाली नयनतारा, तर तमिळ नित्यकल्याणी. मूळची मादागास्करची ही वनस्पती अनेक देशांत पसरली आणि तिची पाने मधुमेहावर गुणकारी असतात, ही समजूतही दूरदूरच्या देशांत रुजली. आजही अनेक घरांत वडीलधारी मंडळी सकाळी अनशापोटी ही पाने चावून खातात.

या समजुतीची परीक्षा एकदा कसून झाली. १९५२ मध्ये जमैका बेटावरून कॅनडातील डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे टपालाने सदाफुलीची पाने आली. इन्सुलिन दुर्मीळ झाले असता तेथील मधुमेही या पानांचा काढा घेत, असे सोबत कळविले होते. क्लार्क यांनी ती पाने वेस्टर्न ऑंटारिओ विद्यापीठात संशोधन करणारे आपले बंधू रॉबर्ट यांच्याकडे सोपविली. रॉबर्ट यांनी पानांचा अर्क उंदरांना पाजला. रक्तातील साखर जागची हलली नाही. मग अर्क टोचून दिला, तेव्हा उंदीर जंतुसंसर्गाने दगावू लागले. तपासणीत कारण उमगले : त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी कमालीच्या घटल्या होत्या.

मधुमेहाच्या दृष्टीने प्रयोग फसला होता. परंतु पांढऱ्या पेशी घटविणारे द्रव्य रक्ताच्या कर्करोगात उपयोगी पडेल, हे संशोधकांनी हेरले. रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स बीअर यांच्या साहाय्याने ते द्रव्य वेगळे करण्यात आले आणि १९५८ मध्ये जगापुढे आले. तेच व्हिनब्लास्टिन. त्याच झाडातून मिळालेले व्हिन्क्रिस्टिन आजही रक्ताच्या कर्करोगाने पीडित बालकांना दिले जाते.

पुढे सदाफुलीच्या अर्काने प्राण्यांची साखर उतरल्याचे काही प्रयोगांत दिसले, हेही सांगितले पाहिजे. पण प्राण्यावर दिसलेला गुण म्हणजे माणसासाठी सिद्ध झालेले औषध नव्हे. एका पानात द्रव्य किती, हे ऋतू आणि माती यांनुसार बदलते. शिवाय पाला खाणारा माणूस बहुधा गोडही कमी खातो आणि फिरायलाही जातो. मग साखर उतरली ती कशाने? म्हणूनच रुग्णांचे दोन गट करून, एकाला अर्क व दुसऱ्याला तसेच दिसणारे निर्गुण द्रव्य देऊन तुलना करावी लागते.

वनस्पतींकडे पाठ फिरवावी, असा याचा अर्थ नाही. युरोपातील गलेगा या वनस्पतीत साखर उतरविणारी द्रव्ये होती, पण ती विषारी ठरली. त्यांच्याच कुळातील मेटफॉर्मिन १९२२ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाले आणि १९५७ मध्ये फ्रान्सच्या डॉ. झाँ स्टर्न यांनी त्याचा मधुमेहावरील उपयोग प्रसिद्ध केला. आज जगभर कोट्यवधी रुग्ण ते घेतात.

विद्यार्थिमित्रहो, घरातील आजोबा गोळ्या बाजूला सारून पाल्यावर विसंबत असतील, तर त्यांच्या श्रद्धेची थट्टा करू नका. त्यांच्याजवळ बसून सदाफुलीची ही हकीकत सांगा, गोळी हाती द्या आणि पाल्याविषयी डॉक्टरांना विचारण्याचा आग्रह धरा. साठ वर्षे या शाळेने मुलांना प्रश्न विचारायला शिकविले. तो प्रश्न मायेने घरापर्यंत पोहोचला, तरच त्या शिक्षणाचे चीज झाले.