नोकरी देणाऱ्याने माणूस कसा निवडावा?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



नोकरी कशी मिळवावी यावर आपल्याकडे पुष्कळ भाषणे होतात. आज आम्ही जरा उलटी बाजू मांडणार आहोत. नोकरी देणाऱ्याने माणूस कसा निवडावा? कुणी म्हणेल, याच्याशी आपला काय संबंध, आपण तर अर्ज करणारे! पण आता तसे राहिलेले नाही. आपल्याच वस्तीत कुणाचे वर्कशॉप आहे, कुणाचा दवाखाना आहे, कुणी पतसंस्थेच्या संचालक मंडळावर आहे, कुणी ऑफिसातल्या निवड समितीवर बसतो. आज टेबलाच्या दोन्ही बाजूंना आपली माणसे आहेत.

आधी आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातली मुंबईची गिरणी आठवा. तिथे माणूस भरायचा तो जॉबर, म्हणजे मुकादम. बायकांच्या खात्यात नायकीण. जॉबर आपल्या गावचा, आपल्या नात्याचा, आपल्या जातीचा माणूस आधी घेई आणि वर दस्तुरी खाई. साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, पगार चांगला; पण तिथे अस्पृश्य कामगाराला शिरकाव नव्हता. कारण काय, तर धोट्यातले सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि आपल्या माणसाने तोंड लावलेला धोटा इतरांना चालत नसे. मग आपली माणसे कमी पगाराच्या रिंग खात्यात राहिली. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे लावून धरला. पुढे १९३१ साली रॉयल कमिशन ऑन लेबरनेही सांगितले, की भरतीचा अधिकार जॉबरच्या हातून काढून घ्यावा आणि लेबर ऑफिसर नेमावेत.

यात ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही, की साचेखात्याच्या दारात आपल्या माणसाच्या हाताचे कसब कुणी तपासलेच नाही. जन्म तपासला. कामगाराचे नुकसान झाले ते उघडच आहे. पण उत्तम विणकर झाला असता असा माणूस गिरणीलाही मुकावा लागला. अन्यायाची निवड धंद्यालाही महागच पडते.

आता जॉबर गेला, त्या गिरण्याही बहुतेक गेल्या. मग भेद गेला का? डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी याचा शोध घेतला. त्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रात आलेल्या खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण तेच, लायकी तीच, फरक फक्त नावाचा. काही नावे उच्चवर्णीय, काही दलित, काही मुस्लिम. निष्कर्ष असा निघाला, की उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांशच होती, आणि मुस्लिम नावाला त्याहूनही कमी. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांचा अभ्यास आला. त्यांनी भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांनाच विचारले. बहुतेकांनी सांगितले, की आम्ही उमेदवाराची घरची पार्श्वभूमी विचारतो. वडील काय करतात, भावंडे काय करतात, गाव कोणते. हेच अधिकारी पुन्हा म्हणत होते, की आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो! ते खोटे बोलत होते असे आम्ही म्हणत नाही. आपल्यासारखा बोलणारा, आपल्यासारखा वागणारा माणूस माणसाला आपोआप लायक वाटतो. म्हणून निवड करणाऱ्याच्या चांगुलपणावर विसंबून भागत नाही. पद्धतच अशी बांधावी लागते, की मनातल्या भेदाला शिरायला जागा कमी राहील.

सरकारी नोकरीत याचा विचार झालेला आहे. घटनेच्या कलम १६ ने समान संधी दिली. पण मुलाखतीचे काय? लेखी परीक्षेत पुढे असलेला मुलगा तोंडी परीक्षेत मागे ढकलला जातो, ही आपली जुनी तक्रार. हरियाणाच्या एका भरतीत मुलाखतीला माजी सैनिकांसाठी ३३.३ टक्के आणि इतरांसाठी २२.२ टक्के गुण ठेवले होते. १९८५ साली अशोककुमार यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे प्रमाण फार आहे असे सांगितले आणि सर्वसाधारण उमेदवारांसाठी १२.२ टक्क्यांची मर्यादा सुचवली. पुढे १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारच्या कनिष्ठ पदांसाठी मुलाखतच बंद झाली.

मग मुलाखत वाईटच का? नाही. नुसत्या गप्पांची मुलाखत वाईट. पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली अनेक वर्षांचे संशोधन पुन्हा तपासले. माणूस पुढे काम कसे करील, याचा अंदाज सर्वात चांगला आला तो आखीव मुलाखतीतून, म्हणजे सर्वांना तेच प्रश्न आणि त्याच मापाने गुण. कामाच्या ज्ञानाची परीक्षा आणि कामाचा नमुना करवून घेणे, हेही चांगले ठरले. मनाला येईल तसे विचारलेले प्रश्न खूप खाली राहिले, आणि अनुभवाची नुसती वर्षे मोजून तर फारच थोडे कळले.

तेव्हा आपल्यापैकी ज्याला माणूस नेमायचा आहे, त्याने एवढे करावे. जाहिरातीआधी काम कागदावर लिहावे : रोज काय करायचे, पगार किती, कोणती गोष्ट आलीच पाहिजे. ती जागा सर्वांना कळेल अशी जाहीर करावी. हिशेबनीस हवा असेल तर वीस बिले देऊन रोजकीर्द लिहायला सांगावी. फिटर हवा असेल तर हातात काम द्यावे. आलेल्या प्रत्येकाला तेच पाच-सहा प्रश्न, त्याच क्रमाने विचारावेत. जात, वडिलांचा धंदा, लग्न कधी करणार, मुले किती, हे विचारू नये. मुलाखत घ्यायला दोघे-तिघे बसावेत, त्यात एक बाई असावी. प्रत्येकाने आधी आपापले गुण लिहावेत, मग बोलावे. नाहीतर वडीलधारा बोलला की बाकीचे माना डोलावतात. आणि ज्याला घेतले नाही त्यालाही दोन ओळींचे उत्तर द्यावे. वाट पाहायला लावणे हाही अपमानच आहे.

शेवटी एक कडू गोष्ट. भावकीतला म्हणून, चिठ्ठी आणली म्हणून, आपल्या गटाचा म्हणून आपणच माणूस घेतला, तर आपण कोण झालो? जॉबरच झालो की! आपल्या पोरांना संधी द्या, जरूर द्या. जागा निघाल्याचे त्यांना आधी कळेल असे बघा, अर्ज लिहायला शिकवा, तयारी करून घ्या. पण मापाची काठी सर्वांना एकच ठेवा. ज्या दारावर आपल्या आजोबांचा जन्म तपासला गेला, तसे दार आपल्या हातून कुणासाठी उभे राहू नये.

म्हणून आमची एवढीच सूचना आहे. यापुढे आपल्यापैकी कुणाकडे जागा निघाली, तर काम, पगार, परीक्षा कशी होणार आणि शेवटची तारीख, हे लिहून विहाराच्या फळ्यावर लावावे. फळा सर्वांना वाचता येतो. वशिला फक्त एकालाच ऐकू येतो.

जयभीम.