जुन्या फळ्यांची ऊब



मोठ्या घरांत एका खोलींत वारा शिरला, तर माणूस दुसऱ्या खोलींत जाऊन बसतो. एकाच खोलीच्या घरांत जाणार कोठें? तेथें भिंतच नीट केली पाहिजे. अमेरिकन ग्रंथकार हेन्री डेव्हिड थोरो यानें ती जुन्या सामानांतून कशी केली, तें आज सांगावयाचें आहे.

मॅसॅच्युसेट्समधील काँकॉर्ड गांवाजवळ, वॉल्डन तळ्याच्या कांठीं, १८४५ सालीं त्यानें स्वतःचें घर बांधलें. लांबी १५ फूट, रुंदी १० फूट. फळ्यांसाठीं त्यानें जेम्स कॉलिन्स या रेल्वेवरील आयरिश मजुराची झोपडी ४ डॉलर २५ सेंटांस विकत घेऊन मोडली, आणि फळ्या गवतावर उन्हांत पसरल्या. हें पसरणें महत्त्वाचें. ओलें, वांकलेलें लाकूड तसेंच भिंतीस लावलें, तर मागाहून फटी पडतात. शिवाय जुन्या रंगांत शिसें असूं शकतें. तो कोरडा घांसून काढूं नये, हें आज आपणांस ठाऊक आहे.

४ जुलैला तो राहावयास गेला, तेव्हां फळ्यांच्या फटींतून वारा खेळत होता. उन्हाळ्यांत तें सुखाचें वाटलें. थंडीपूर्वीं मात्र त्यानें बाहेरून लाकडाच्या पातळ चिपा ठोकल्या. ओंडक्याच्या कडेच्या कापांतल्या म्हणून त्या टाकाऊ ठरलेल्या. त्यांच्या कडा त्यानें रंध्यानें सरळ करून घेतल्या. मग आंतून पट्ट्या मारून त्यांवर चुना, वाळू व केस यांचा गिलावा केला. केसांमुळें गिलावा एकजीव राहतो. वाळू त्यानें तळ्याच्या पलीकडून होडींतून आणली.

ऊब चुन्यांत नसते, श्रोतेहो. ती कोंडलेल्या, कोरड्या, स्थिर हवेंत असते. फळ्या व गिलावा यांच्यामध्यें हवा अडकली, वाऱ्याची वाट बंद झाली, म्हणून विस्तवाची उष्णता घरांत टिकली. पट्ट्या, चुना व केस मिळून खर्च ३ डॉलर ९६ सेंट. सबंध घराचा २८ डॉलर साडेबारा सेंट. उघड्या फळ्याच डोळ्यांस अधिक आवडत होत्या, पण गिलाव्यानें घर सुखाचें झालें, अशी कबुलीहि त्यानें दिली आहे.

एक गोष्ट मात्र या हिशेबाच्या रकान्यांत बसत नाहीं. झोपडी विकल्यावर दुसऱ्या दिवशीं पहाटे कॉलिन्स कुटुंब आपला सारा संसार एका गांठोड्यांत बांधून वाटेस लागलें. थोरोनें तें लपविलें नाहीं. फळ्यांच्या किंमतीबरोबर तेंहि लिहून ठेवलें.

१८४७ सालीं तो तेथून निघाला. पुढें त्याच्याहि घराचें छप्पर उतरवून डुकरांच्या गोठ्यावर घातलें गेलें, आणि उरलेलें लाकूड एका कोठाराच्या कामीं आलें. आपल्याकडे जुना वाडा पडला, कीं त्याचीं दारें व तुळया बाजारांत येतात. त्या अवश्य घ्याव्या, वाळवाव्या, फटी बुजवून वापराव्या. पण त्या कोणाच्या घराच्या होत्या, हें विचारून घ्यावें.