श्वासाचा हिशेब



माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, कामगारांनी आणलेल्या दवाखान्यातील कागदांचा अर्थ लावता लावता. त्यांतल्याच एका कागदाविषयी मी आज बोलणार आहे. नळीत फुंकायला लावून छातीची ताकद मोजतात, तो हा कागद.

शांत बसलेला माणूस एका श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा घेतो. पण छाती भरून हवा घेतली आणि ती शेवटपर्यंत बाहेर सोडली, तर आपल्याकडच्या धडधाकट तरुणाची हवा साडेतीन-चार लिटर भरते. एवढे करूनही लिटरभर हवा आत राहतेच. तिच्यामुळे फुप्फुसे मिटत नाहीत. म्हणजे रोजचा खर्च अर्धा लिटर आणि हाताशी शिल्लक तीन लिटरांहून जास्त! शिल्लक मोठी, म्हणून तिच्यातली चोरी लवकर उमगत नाही. जिना चढताना धाप लागू लागते, तोवर बरेच काही गेलेले असते.

हा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला तो लंडनच्या जॉन हचिन्सन या डॉक्टराने. पाण्यात पालथे ठेवलेले, वजनांनी तोललेले एक भांडे त्याने केले. फुंकले की ते वर उचलले जाई. दोन हजारांहून अधिक माणसे त्याने अशी मोजली आणि १८४६ साली निष्कर्ष छापले. त्याला आढळले की उंची वाढते तशी ही हवाही वाढते. वयाप्रमाणे ती घटते, हेही त्याने दाखवले. क्षयासारखा रोग असला की आकडा उतरतो, म्हणून आयुर्विम्याच्या कामी हे यंत्र उपयोगी पडेल असे त्याने सुचवले.

पुढे १९४७ साली फ्रान्समध्ये तिफनो याने वेगाकडे लक्ष वेधले. निरोगी तरुण एकूण हवेपैकी तीन-चतुर्थांशाहून जास्त हवा पहिल्याच सेकंदात बाहेर टाकतो. नळ्या आवळल्या असतील तर तीच हवा रेंगाळत येते. दगडाच्या धुळीने फुप्फुस कडक होते आणि पिशवीच लहान होते. कापसाच्या धुळीने नळ्या आवळतात. सूतगिरणीतल्या कार्डिंग खात्यातल्या माणसाला रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारीच छाती जड का वाटते, याचा अभ्यास शिलिंग या डॉक्टराने १९५०च्या दशकात लँकेशायरच्या गिरण्यांत केला. पाळीच्या आधी आणि पाळी सुटल्यावर फुंकून पाहिले की फरक कागदावर उतरतो.

आता मुद्द्याची गोष्ट. कागदावर ‘नॉर्मल’ लिहिलेले असते. हे नॉर्मल कोणाशी ताडून ठरते? त्याच वयाच्या, त्याच उंचीच्या सरासरी माणसाशी. पुष्कळ ठिकाणी सरासरीच्या ऐंशी टक्के भरले की नॉर्मल धरतात. समजा, पंचवीस वर्षांचा एक कामगार आहे. त्याची अपेक्षित हवा ४ लिटर, पण गडी दणकट, म्हणून भरली ४.४. पंधरा वर्षांनी वयोमानाने अपेक्षा उतरली ३.६ वर, आणि त्याची भरली ३. म्हणजे त्र्याऐंशी टक्के. शिक्का नॉर्मल! वयाने नेले ०.४, आणखी एक लिटर कुठे गेले, ते कोणी विचारतच नाही. विचारणार तरी कसे? कामावर लागतानाचा कागदच नसतो.

कामगार मुद्दाम हळू फुंकतो, असे मालकांचे वकील म्हणतात. त्यालाही उत्तर आहे. निदान तीनदा फुंकवतात आणि सर्वांत चांगले दोन आकडे दीडशे मिलिलिटरांच्या आत जुळावे लागतात. लबाडी करणाऱ्याला तीच लबाडी त्याच मापाने पुन्हा पुन्हा करणे कठीण जाते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. धुळीच्या कामावर माणूस घेताना पहिल्या दिवशी मोजा, दरवर्षी मोजा, गिरणीत सोमवारी पाळीच्या आधी आणि नंतर मोजा. आणि कागदाची एक प्रत त्याच्या हातात द्या. पगाराची पावती आपण जपून ठेवतो. श्वासाचीही ठेवली पाहिजे. पगार थकला तर भांडून वसूल करता येतो. दगडाच्या धुळीने गेलेला श्वास कोणत्याही कोर्टाला परत देववत नाही. धूळ वेळीच रोखावी, एवढेच हाती असते. आणि ती रोखायला भाग पाडील असा पुरावा म्हणजे हा कागद.