चार जण असाल तरच पुढे

हेडफोन लावून ऐकताय ना? ऐका, पण आज ज्या वाटेबद्दल बोलणार आहे तिथे गेलात तर हेडफोन बॅगेत ठेवा. का ते सांगते.

मी आणि नवरा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कॅनडातल्या बॅन्फ नॅशनल पार्कमध्ये होतो. 1885 साली सुरू झालेलं, त्या देशातलं पहिलं नॅशनल पार्क. तिथलं मोरेन लेक तुम्ही इन्स्टावर शंभरदा पाहिलं असेल. तो निळा रंग फिल्टरचा नाही बरं का. हिमनदी खडक दळते, त्याचं पीठ पाण्यात तरंगत राहतं आणि प्रकाश पडला की पाणी तसं दिसतं. 2023 पासून तिथे स्वतःची गाडी नेता येत नाही, शटल बस आधी बुक करावी लागते. लेकबद्दल एवढं पुरे, फोटो सगळेच काढतात.

आम्हाला जायचं होतं वर, लार्च व्हॅलीतून सेंटिनल पासला. पास म्हणजे खिंड, उंची 2,611 मीटर. एका बाजूने सुमारे 6 किलोमीटर चाल, चढ 700 मीटरच्या आसपास. सिंहगडापेक्षा थोडा जास्तच दम लागतो. नवऱ्याच्या डोक्यात ही खिंड कित्येक वर्षं होती.

आणि वाटेच्या तोंडाशी पाटी. किमान चार जणांचा गट असेल तरच पुढे जा, आणि एकमेकांना सोडू नका. हा सल्ला नाही, कायदा आहे. मोडला तर दंड. कारण ग्रिझली अस्वलं. चार माणसं एकत्र चालली की आवाज होतो, अस्वलाला लांबूनच कळतं आणि बहुतेक वेळा ते स्वतःच बाजूला होतं.

आम्ही दोघंच! मग काय, कॉलेजात प्रोजेक्टसाठी पार्टनर शोधतात तसं शोधत उभे राहिलो. वीसेक मिनिटांनी क्यूबेकचं एक निवृत्त जोडपं आलं. त्यांनाही दोघंच हवे होते. जमलं.

कमरेला बेअर स्प्रे. त्यात असतं काय, तर कॅप्सेसिन, म्हणजे आपल्या मिरचीला तिखट करतं तेच. तो हाताशी हवा, बॅगेच्या तळाशी असून उपयोग नाही. काही जण बॅगेला घंटी बांधतात, पण तिचा आवाज फार लांब जात नाही. माणसाचा आवाज उत्तम. म्हणून आम्ही दोघांनी मराठीत, अगदी खणखणीत आवाजात, घराचा ईएमआय आणि नात्यातल्या लग्नातली भांडणं असं सगळं बोलून घेतलं. समजणारं कुणी नव्हतं, हे फार सुखाचं असतं!

जंगलातला चढ संपला आणि कुरण उघडलं. लार्च अजून हिरवे होते, ते सोनेरी होतात महिन्याच्या शेवटी. दगडांत एक पायका दिसला. सशाचा हा नातेवाईक मुठीएवढाच असतो. तोंडात गवताचा भारा घेऊन धावत होता, हिवाळ्याची बेगमी. मी त्यालाच बघत बसले असते.

तेवढ्यात पुढच्या बाई थांबल्या. वाटेच्या डाव्या अंगाला, साधारण दोनशे मीटरवर, तपकिरी पाठ आणि खांद्यावर उंचवटा. ग्रिझली. जमीन उकरत होती, बहुतेक मुळं काढत असावी. मग तिच्या मागून पिल्लू आलं.

तिथला नियम आहे की अस्वलापासून किमान 100 मीटर लांब राहायचं. आम्ही त्याच्या दुप्पट लांब होतो, पण वाट पुढे तिच्याकडेच जात होती. बाईंचे यजमान म्हणाले, थांबू, जाईल ती. माझा नवरा काही बोलेना, खिंड समोर दिसत होती. पण बाई म्हणाल्या, मी वळतेय. आणि मंडळी, चारातली एक जरी वळली तरी उरलेल्या तिघांना पुढे जाता येत नाही. त्या पाटीचा खरा अर्थ मला तिथे कळला. मी म्हटलं, मीही वळते. नवऱ्याने खिंडीकडे एकदा पाहिलं आणि मराठीतच म्हणाला, "चल."

पळायचं नसतं. हळू आवाजात बोलत, तिच्यावर नजर ठेवून, चौघं मागे सरकलो. तिने एकदा मान वर केली, हुंगलं आणि परत उकरायला लागली. आमच्यात तिला काहीच रस नव्हता.

खाली येईपर्यंत नवरा गप्प होता. मीही समजूत घातली नाही, त्याला ते आवडत नाही. बसमध्ये त्याने क्यूबेकच्या काकांना विचारलं, उद्या काय करताय? पण ते दुसऱ्या दिवशी निघणार होते.

बेअर स्प्रे विमानात नेता येत नाही. आमचा न वापरलेला डबा शेवटच्या दिवशी हॉटेलात चेक-इन करणाऱ्या एका जोडप्याला दिला. नवऱ्याने त्यांना पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही दोघंच का?"